सातवा डबा पडतो, दोष विसाव्याचा

वळणावर नेहमी सातवाच डबा पडतो. इंजिन सुखरूप जाते, पहिले सहा डबे जातात, सातवा मात्र वळणाच्या आतल्या बाजूला कलंडतो आणि मागच्या चार-पाच डब्यांना घेऊन आडवा होतो. टेबलावर छोटी आगगाडी चालवणारा हौशी माणूस तो डबा उचलतो, उलटा करतो, चाके बोटाने फिरवून बघतो, तेलाचा थेंब सोडतो आणि डबा परत रुळांवर ठेवतो. गाडी सुटते. सातवा डबा पुन्हा पडतो. वैतागून तो काढूनच टाकला, तर त्याच्या जागी आलेला डबा पडू लागतो.

अशा वेळी सातव्या डब्यात काहीच बिघडलेले नसण्याची शक्यता मोठी असते. दोष शेवटच्या, विसाव्या डब्यात असू शकतो. त्याचे एखादे चाक नीट फिरत नाही, घासत चालते. पुढून इंजिन ओढते, मागून तो डबा गाडी धरून ठेवतो, आणि मधली सगळी साखळी दोरीसारखी ताणली जाते. ताणलेली दोरी सरळ व्हायला बघते. वळणावर सरळ होणे म्हणजे आतल्या बाजूला येणे. मग मधला जो डबा सगळ्यांत हलका असेल, त्याचे चाक रुळावरून उचलले जाते. अमेरिकेतल्या लांबलचक मालगाड्यांनाही हा अपघात होतो आणि तिथले रेल्वेवाले त्याला ‘स्ट्रिंगलायनिंग’ म्हणतात. टेबलावर तो जास्त वेळा होतो, कारण तिथली वळणे फार तीव्र असतात. ब्रिटनमध्ये ‘डबल ओ’ मापाच्या गाड्यांसाठी जे ‘दुसऱ्या त्रिज्येचे’ वळण सर्रास विकले जाते, त्याची त्रिज्या ४३८ मिलिमीटर आहे. खऱ्या गाडीच्या मापापर्यंत, म्हणजे ७६ पटींनी, मोठे करून पाहिले, तर ते जेमतेम ३३ मीटर भरते. मुख्य मार्गावरची खरी गाडी अशा वळणावर जाऊच शकणार नाही.

या छंदात इंजिनाचे कौतुक फार होते आणि डब्यांच्या चाकांकडे फार थोडे लक्ष जाते. हे उलटे असायला हवे. गाडीत इंजिन एक असते, आणि साध्या मालगाडीला वीस डबे असतील तर आस चाळीस असतात. त्यांतला एक अडला तरी सगळ्या गाडीची चाल बिघडते.

आगगाडीचे चाक कसे फिरते हे समजायला बैलगाडी आठवावी. बैलगाडीचा आस जागच्या जागी राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. घर्षण होते ते चाकाच्या मधल्या तुंब्यात, आणि वंगण तिथेच भरतात. आगगाडीची तऱ्हा वेगळी. तिची दोन चाके आसावर घट्ट बसवलेली असतात. आस आणि चाके मिळून एकच नग होतो आणि तो सगळाच्या सगळा फिरतो. त्यामुळे घासणारी जागा चाकात नसते. ती आसाच्या दोन टोकांना, डब्याच्या चौकटीत असते. ‘चाक अडले’ असे आपण म्हणतो, पण अडलेले असते ते आसाचे टोक. चाकावर तेल सोडणाऱ्याचा पहिला घोटाळा इथेच होतो.

छोट्या गाड्यांत या टोकांसाठी एक सुरेख युक्ती वापरतात. आसाची दोन्ही टोके पेन्सिलीसारखी तासून टोकदार करतात आणि चौकटीत दोन्ही बाजूंना शंकूच्या आकाराची खोलगट वाटी ठेवतात. टोक वाटीत जेमतेम टेकते. दार बिजागरीजवळ धरून थांबवायचे म्हटले तर जोर लागतो. कडेला धरले तर एक बोट पुरते. चाकाचेही तसेच आहे. घर्षण मध्यबिंदूच्या जितके जवळ, तितके ते चाकाला कमी अडवते. डबल ओ मापाच्या मालडब्याचे चाक साधारण १२.५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्रिज्या सहा मिलिमीटरहून थोडी अधिक. आसाचे टोक मात्र सुईसारखे. एवढ्या फरकामुळे चांगला डबा नुसती फुंकर मारली तरी पुढे सरकतो.

खऱ्या रेल्वेलाही या जागेचे घर्षण आटोक्यात आणायला बरीच वर्षे लागली. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक डब्यांच्या आसाची टोके तेलाने भिजवलेल्या सुती चिंध्यांच्या पेटीत, मऊ धातूच्या तुकड्याखाली फिरत. तेल आटले की टोक तापे, कधी पेट घेई. अमेरिकेतल्या टिमकेन कंपनीने १९३० साली ११११ क्रमांकाचे एक वाफेचे इंजिन बनवून घेतले आणि त्याच्या प्रत्येक आसाला रोलर बेअरिंग लावले. ‘फोर एसेस’ नावाचे हे इंजिन देशभर फिरवण्यात आले. शिकागोत तीन तरुणींनी दोर लावून ते ओढून दाखवले. इंजिन शेकडो टन वजनाचे होते. पुढे १९३३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने ते विकत घेतले. रूळ आणि पोलादी चाक यांच्यामध्ये घर्षण किती कमी असते आणि उरलेला सगळा अडथळा आसाच्या टोकांशी कसा दडलेला असतो, हे त्या दोराने सामान्य लोकांना डोळ्यांनी दाखवून दिले.

टेबलावरच्या गाडीला हा हिशेब जास्तच लागू पडतो. समजा, प्रत्येकी ५० ग्रॅमचे वीस डबे आहेत. एकूण वजन एक किलो. आस मोकळे असतील आणि अडथळा वजनाच्या एक टक्का असेल, तर सपाटीवर गाडी ओढायला १० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. आस जड फिरत असतील आणि अडथळा चार टक्के असेल, तर ४० ग्रॅमइतका. आता वाटेत पन्नासास एक असा चढ आला. डब्यांसाठी आणखी २० ग्रॅम, २५० ग्रॅमच्या इंजिनाच्या स्वतःच्या चढणीसाठी ५ ग्रॅम. म्हणजे मोकळ्या गाडीला ३५ ग्रॅम पुरतात, जड गाडीला ६५ लागतात. इंजिनाची चाके न घसरता आपल्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश जोर लावू शकतात असे धरले, तर त्याची ताकद ६२ ग्रॅमच्या आसपास संपते. पहिली गाडी चढ सहज चढून जाते. दुसऱ्या गाडीचे इंजिन अर्ध्या चढावर चाके जागच्या जागी फिरवत उभे राहते. मालक म्हणतो, इंजिनात दम नाही. इंजिन तेच आहे.

मग अडलेला डबा ओळखायचा कसा? बहुतेक लोक डबा उलटा धरून चाकाला टिचकी मारतात आणि ते किती वेळ फिरते ते बघतात. ही परीक्षा अर्धवट आहे. डबा उलटा केला की आसाचे टोक वाटीच्या भलत्याच बाजूला टेकते, आणि डब्याचे वजनही त्यावर नसते. उलट्या डब्याचे चाक भिंगरीसारखे फिरले म्हणून सुलटा डबा मोकळा चालेलच असे नाही. टिचकीने फारच अडलेला आस कळतो, तेवढेच.

खरी परीक्षा उताराची. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्यावी, तिच्यावर रुळांचा एक सरळ तुकडा बसवावा आणि फळीचे एक टोक एक सेंटिमीटर उचलावे. झाला शंभरास एक उतार. डबा वर ठेवून अगदी हलका धक्का द्यावा. तो चालत राहिला, तर त्याचा अडथळा वजनाच्या एक टक्क्याहून कमी आहे. थांबला, तर टोक आणखी उचलावे. डबा चालत राहण्यासाठी जितके सेंटिमीटर उचलावे लागले, साधारण तितके टक्के अडथळा. वरच्या हिशेबातले एक आणि चार हे आकडे याच फळीवर मिळतात. परीक्षा दोन्ही दिशांनी करावी, कारण काही डबे एका दिशेने मोकळे आणि दुसऱ्या दिशेने जड चालतात. सगळे डबे एका दुपारी तपासून होतात. प्रत्येकाच्या पोटावर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला, तर सहा महिन्यांनी कोण बिघडत चालला आहे तेही कळते.

दोषी डबा सापडला की कारण शोधायचे. सगळ्यांत साधे कारण म्हणजे केस आणि धागे. गालिचाचा, स्वेटरचा किंवा माणसाच्या केसाचा एक धागा आसाला गुंडाळला जातो आणि हळूहळू टोकापर्यंत सरकून वाटीत शिरतो. चिमट्याने तो काढला की अनेकदा काम तिथेच संपते. बहुतेक प्लास्टिक चौकटींच्या बाजू हलक्या हाताने थोड्या फाकवल्या की आस सुटून हातात येतो. जोर मात्र बेताचाच लावावा. जुने प्लास्टिक कडक होऊन तडकते.

आस बाहेर आला की तो काचेवर लोळवून बघावा. वाकलेला आस लगेच डुगडुगतो. चाक आसावर तिरके बसले असेल तर तेही दिसते. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर याच वेळी मोजावे. १६.५ मिलिमीटरच्या डबल ओ रुळांसाठी हे अंतर १४.४ ते १४.५ मिलिमीटरच्या आसपास असायला हवे. हौशी लोक त्याला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात आणि त्यासाठी धातूचा एक छोटा ठोकळा मिळतो. दोन चाकांमध्ये तो सरकवला की उत्तर मिळते. अंतर कमी पडले तर रूळ बदलण्याच्या सांध्यावर चाक चढते. डबा फक्त सांध्यावरच अडखळत असेल, तर आसाच्या टोकांशी झटापट करण्याआधी हे माप बघावे.

त्यानंतर आसाची लांबी. ब्रिटिश डबल ओ डब्यांचा टोकदार आस बहुधा २६ मिलिमीटरचा असतो, पण सगळ्या उत्पादकांचे माप एक नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही पुरेसा होतो. आस लांब झाला तर दोन्ही टोके वाट्यांत रुतून बसतात आणि चौकट बाहेर फाकते. आखूड झाला तर टोक वाटीच्या तळाऐवजी कडेवर लोळते, डबा एका बाजूला झुकतो. बरोबर बसलेला आस बोटाने डावी-उजवीकडे किंचित हलतो, अगदी जाणवेल इतपत. अमेरिकेत एचओ मापाच्या चाकांचे आस इंचाच्या हजाराव्या भागांच्या फरकाने वेगवेगळ्या लांबीत विकले जातात, यावरून या हालचालीचे महत्त्व कळावे.

जुनी प्लास्टिकची चाके काढून धातूची घालणे ही चांगली सुधारणा आहे. धातूचे चाक गोल असते, जड असते, त्यावर घाण कमी चिकटते. पण नवे चाक जुन्यापेक्षा केसभर मोठे असले, तर चौकटीवर कोरलेला ब्रेकचा ठोकळा त्याला घासू लागतो. उजेडासमोर धरून चाक आणि ब्रेक यांच्यामधून प्रकाश येतो का ते बघावे. येत नसेल, तर बारीक कानशीने ठोकळा थोडा घासावा. सुट्या भागांतून स्वतः जोडलेल्या डब्यांत आणखी एक दोष आढळतो: चौकटीच्या दोन बाजू एकमेकींना समांतर चिकटलेल्या नसतात. असा डबा काचेवर ठेवला की तीनच चाके टेकतात, चौथे हवेत राहते. तो मोकळा फिरला तरी रुळावरून उतरणार. चिकटवण पूर्ण वाळण्यापूर्वी डबा काचेवर ठेवून चारही चाके टेकवून घेतली असती, तर हे टळले असते. यावर काही कारागीर एक आस मधल्या एका टेकूवर डुलता ठेवतात. तीन पायांचे स्टूल कुठल्याही जमिनीवर न डुगडुगता उभे राहते, तसा हा डबा चारही चाकांनी रूळ धरून चालतो.

वाटीच खराब असेल तर दोन उपाय आहेत. वाटीत साच्याची बारीक भर किंवा रंग राहिला असेल, तर त्यासाठी दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे पाते असलेली एक छोटी कांडी मिळते. आसाच्या जागी ती बसवायची आणि बोटांनी फिरवायची. दोन-तीन फेऱ्या पुरतात. हौसेने वीस फेऱ्या मारल्या तर वाटी खोल होते, आस सैल पडतो, डबा खाली बसतो आणि त्याचा जोडणीचा आकडा शेजारच्या डब्याच्या आकड्याशी जुळत नाही. वाटी झिजून लंबगोल झाली असेल, तर तिथे छिद्र पाडून टोपीच्या आकाराचे पितळी बेअरिंग दाबून बसवावे. पोलादी टोक आणि पितळी वाटी ही जोडी वर्षानुवर्षे टिकते.

आणि आता तेल. ते इतक्या उशिरा यायला कारण आहे. तेल ही पहिली गोष्ट नाही, ती शेवटची आहे, आणि पुष्कळदा तिची गरजच नसते. अनेक चांगल्या डब्यांच्या चाकांच्या चौकटी ॲसिटल नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या असतात. त्यात पोलादी टोक कोरडेच उत्तम फिरते. तेल घातले की ते धूळ ओढून घेते आणि दोन महिन्यांत वाटीत काळा चिकट लगदा तयार होतो. शिवणयंत्राचे तेल घरात असते म्हणून ते सोडण्याचा मोह होतो, पण काही खनिज तेले पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला ठिसूळ करतात. खोबरेल तेल तर मुळीच नको. ते २४ अंशांच्या खाली गोठते, म्हणजे पुण्या-नाशिकच्या थंडीत ते घट्ट होऊन चाके जास्तच अडवते. कोरडे चालवूनही डबा चीं-चीं करत असेल, तर ग्रॅफाइटची चिमूटभर पूड वाटीत घालावी. पितळी बेअरिंगला प्लास्टिकला चालणारे हलके तेल द्यायचेच असेल, तर सुईच्या टोकावर मावेल इतके. ते चाकाच्या पृष्ठावर गेले की रुळांवर पसरते, आणि मग इंजिनच घसरते.

चाकावर बसणारी काळी पुटे हा वेगळा रोग आहे. धूळ, तेल आणि झिजलेले कण यांचा तो थर असतो. थर एकसारखा नसेल तर चाक जागोजागी उंच-सखल होते आणि डबा उड्या मारत चालतो. रुळांवर कागदी रुमालाची पट्टी ठेवावी, तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब टाकावेत आणि डबा हाताने मागे-पुढे फिरवावा. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. त्या उमटायच्या थांबल्या की चाके स्वच्छ. हे द्रव्य मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मागितले की मिळते. खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ ज्योत नसावी. पॉलिश पेपरने चाके घासू नयेत. त्याचे ओरखडे पुढच्या घाणीला घर करून देतात.

दिव्यांचे प्रवासी डबे मुळातच थोडे जड चालतात, कारण चाकांतून वीज घेण्यासाठी त्यांना पत्र्याची पातळ पट्टी टेकवलेली असते. ती चाकाच्या कडेवर टेकवली तर तिचे सगळे घर्षण पूर्ण त्रिज्येने चाकाला अडवते. तीच पट्टी दोन मिलिमीटर जाडीच्या आसावर टेकवली, तर अडथळा साधारण सहाव्या हिश्शावर येतो. बिजागरीचा न्याय इथेही लागू पडतो.

वजनाचा विचार सोडून चालत नाही. हलका डबा पडतो म्हणून त्यात शिसे भरले आणि आस तसेच जड ठेवले, तर इंजिनावरचा भार वाढतो आणि दोष लपतो. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओ मापासाठी शिफारस आहे: मूळ एक औंस, आणि डब्याच्या लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा म्हणजे चार औंस, सुमारे ११३ ग्रॅम. सगळे डबे एका नियमाने भरले की मधलाच एखादा हलका राहत नाही. पण हे आस मोकळे झाल्यावर करायचे काम आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथल्या छोट्या शहरातून गाड्या एकामागून एक धावताना मुले इंजिनांकडे बघतात, दिव्यांकडे बघतात. मोठ्यांनी कधीतरी वळणावर शेवटच्या डब्याकडे बघत उभे राहावे. खऱ्या स्थानकांवर गाडी फलाटावर शिरत असताना रेल्वेचे कर्मचारी रुळांच्या कडेला थांबून हेच करतात: खालच्या चाकांकडे बघतात, आवाज ऐकतात, कुठला आस तापला आहे का याचा अंदाज घेतात. इंजिन तोवर पुढे निघून गेलेले असते.

अनेक घरांत माळ्यावर परदेशातल्या काका-मामांनी कधीकाळी आणलेली आगगाडी असते. ‘चालत नाही’ म्हणून ती खोक्यात बंद असते आणि पावसाळ्यामागून पावसाळे तिच्या आसांची टोके गंजत असतात. ती फेकू नका, विकूही नका. गंजलेला आस बदलता येतो, झिजलेली वाटी दुरुस्त होते. खोके खाली काढा, इंजिन बाजूला ठेवा, आणि घरात एक मीटर लांबीची सरळ फळी आहे का ते आधी शोधा.